जीसीसीच्या वॉर्निंगा आणि यूबीसॅन : कापसाच्या काट्यावर वापरून पाहिल्यावर

रेटिंग आधीच देऊन टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच निघावं. साइन्ड इंटिजर ओव्हरफ्लो, म्हणजे उणे-अधिक दोन्ही ठेवणाऱ्या पूर्णांकाच्या टाइपमध्ये उत्तर न मावणं, त्याच्या बाबतीत जीसीसीच्या (सी कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारा कंपायलर) वॉर्निंगा, पाचपैकी अडीच. यूबीसॅन, म्हणजे प्रोग्राम चालता-चालता ओव्हरफ्लो पकडणारा सॅनिटायझर, पाचपैकी साडेचार. आणि -एफरॅपव्ही नावाचा जो फ्लॅग (कंपायलरला द्यायची सूचना) सगळे एकमेकांना "हे लाव भो, वॉर्निंग जाईल" म्हणून सांगून राहिले त्याला मी स्टारच देत नाही, का ते खाली येईलच. किंमत तिन्हीची शून्य रुपये, त्यामुळे पैसा वसूल झाला का हा प्रश्नच नाही, वेळ वसूल झाला का एवढंच बघायचं.

कशावर वापरलं ते सांगतो, नाहीतर रिव्ह्यूला अर्थ नाही. धरणगावकडे एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, आहे (नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत), तिथे वजनकाट्याचा प्रोग्राम सी मध्ये लिहिलेला. ट्रॉली काट्यावर चढते, इंडिकेटरवरून केबलने वजन कॉम्प्युटरात येतं, भरलेलं वजन वजा रिकामं वजन म्हणजे निव्वळ, त्याला क्विंटलच्या भावाने गुणायचं, हमाली-तोलाई कापायची आणि पावती छापायची. एवढंच काम. लिहिणारा माणूस केव्हाच पुण्याला निघून गेला, पण कोड वाईट नव्हता हे आधीच सांगतो, भाव पैशात ठेवलाय, फ्लोट (दशांश आकडे ठेवणारा, थोडं इकडेतिकडे होणारा टाइप) कुठेच नाही, म्हणजे पैशाचा हिशोब फ्लोटमध्ये करायचा नसतो हे त्याला कळत होतं. फक्त सगळं इंट, म्हणजे साधा साइन्ड पूर्णांक.

आता गणित बघा. इंट ३२ बिटचा, त्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतात. प्रोग्राम काय करतो, क्विंटलचा भाव पैशात घेतो, किलोतल्या वजनाने गुणतो आणि मग शंभराने भागतो. भागाकार नंतर आहे, गुणाकार आधी, सगळी गोम इथेच. २०१६-१७ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ४१६० रुपये, म्हणजे ४१६००० पैसे, तेव्हा ५१६२ किलोपर्यंत गुणाकार इंटमध्ये बसायचा. ट्रॉलीत एवढा सुटा कापूस कुठे येतो, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला काहीच दिसलं नाही. २०२५-२६ ला तोच हमीभाव ८११० झाला आणि मर्यादा आली २६४७ किलोवर. कोडची एक ओळ बदलली नाही, कंपायलर बदलला नाही, फक्त भाव वाढला आणि प्रोग्राम बिघडला. भाव वाढला म्हणून शेतकरी खूश आणि काट्यावरचा मुनीम हैराण, असं झालं.

२८०० किलोची ट्रॉली आली की बरोबर रक्कम २,२७,०८० रुपये. पावतीवर छापून आलं उणे २,०२,४१६ रुपये ७२ पैसे. आप्पांचा फोन, "काय रे भो, तुझं मशीन शेतकऱ्याकडूनच दोन लाख मागून राहिलं, तो म्हणतो कापूस पण देऊ आन पैसे पण देऊ का?" आप्पा पन्नास वर्षं काट्यावर बसलेले, उणे आकडा दिसल्यावर त्यांनी वहीत हाताने हिशोब करून पैसे दिले, म्हणून निभावलं.

पण उणे आकडा बरा हो, तो दिसतो तरी. खरी भीती दुसरीच आहे. त्याच भावाने ६००० किलोची गाडी आली तर गुणाकार पूर्ण एक फेरी मारून परत अधिकच्या बाजूला येतो, खरी रक्कम ४,८६,६०० आणि पावतीवर ५७,१०३ रुपये २७ पैसे. अधिक चिन्ह, दोन दशांश, सगळं एकदम सभ्य. असा आकडा घाईगर्दीत कोण तपासतो?

तर या कोडवर मी हे प्रॉडक्ट चालवून पाहिले.

आधी वॉर्निंगा. जीसीसीची -डब्ल्यूओव्हरफ्लो ही बाय डिफॉल्ट चालूच असते, ती फक्त दोन्ही बाजू कॉन्स्टंट (कोडमध्येच लिहिलेले आकडे) असतील तेव्हाच बोलते. या प्रोग्रामात लॉग फाइलसाठी एका ठिकाणी दिवसाचे मायक्रोसेकंद काढलेले, २४ * ६० * ६० * १००० * १०००, तिथे तिने लगेच सांगितलं की या इंटच्या गणिताचं उत्तर ५००६५४०८० येतंय. खरं उत्तर ८६४०००००००० म्हणजे ८६४० कोटी. छान पकडलं, उत्तर सुद्धा छापून दाखवलं, दुरुस्ती पण सोपी, पहिल्याच २४ च्या मागे एलएल लावायचं की पुढचं सगळं लाँग लाँगमध्ये (६४ बिटच्या पूर्णांकात) होतं. पण ज्या गुणाकाराने जिनिंगची झोप उडवली, भाव गुणिले वजन, तिथे ही बाई एक शब्द बोलली नाही. तिची चूक नाही, भाव आणि वजन रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालताना, येतात, कंपायलरला काय स्वप्न पडणार आहे की यंदा कापूस आठ हजारावर जाईल. पण मग -डब्ल्यूऑल (नेहमीच्या वॉर्निंगा एकत्र चालू करणारा फ्लॅग) लावून झिरो वॉर्निंग आल्या म्हणजे कोड स्वच्छ, असं जे आपल्याकडे कॉलेजातून शिकवून पाठवतात ते डोक्यातून काढा.

दुसरी -डब्ल्यूस्ट्रिक्ट-ओव्हरफ्लो. हिचा मेसेज वाचून निम्मे लोक गडबडतात. ती म्हणते की साइन्ड ओव्हरफ्लो होत नाही असं धरून मी ही कंडिशन सोपी करून टाकली. म्हणजे "तुझ्याकडे ओव्हरफ्लो झाला" असं ती म्हणतच नाही, ती म्हणते "होणार नाही असं मी गृहीत धरलंय, बघ बाबा". आता यात गंमत कशी झाली बघा. जुन्या माणसाने दिवसाची एकूण रक्कम मोजताना चेक टाकलेला, टोटलमध्ये रक्कम मिळवली आणि आलेलं उत्तर टोटलपेक्षा कमी आलं तर एरर दाखव. कागदावर बरोबर वाटतं. पण सी च्या नियमात साइन्ड ओव्हरफ्लो अनडिफाइन्ड आहे, म्हणजे तेव्हा काय व्हावं ते भाषेने ठरवलेलंच नाही, कंपायलरला मोकळीक आहे की असं कधी घडतच नाही असं धरायचं, मग धन रक्कम मिळवून टोटल कमी कशी होईल, होणारच नाही, म्हणून -ओटू (प्रोग्राम वेगवान करायचा फ्लॅग) लावल्यावर तो अख्खा चेकच काढून टाकू शकतो. म्हणजे राखणदार ठेवला होता, मालकानेच सुट्टी देऊन टाकली. आणि -ओझिरोवर (तो वेगवान करायचा प्रकार बंद ठेवून) टेस्ट केलं तर चेक बरोबर चाललेला दिसू शकतो, म्हणून प्रोग्रामर शपथेवर सांगतो की माझ्याकडे तर चालतंय. दुरुस्ती अशी की आधी मिळवून मग बघायचं नाही, मिळवायच्या आधी बघायचं, टोटल जर (इंट-मॅक्स, म्हणजे इंटचा सगळ्यात मोठा आकडा, वजा रक्कम) यापेक्षा मोठी असेल तर थांब. यात कुठेच ओव्हरफ्लो होत नाही (रक्कम धन असेल तोवर) त्यामुळे कंपायलरला काढायला काही राहत नाही.

या वॉर्निंगच्या पाच लेव्हल आहेत, -डब्ल्यूऑलमध्ये फक्त पहिली येते. पाचवी लावून बघितली तर जिथे काही नाही तिथेही ती कुरकुर करते. म्हणून अडीच स्टार, त्यातले दोन पहिल्या वॉर्निंगचे.

इथे जरा थांबून टर्बो सी (जुना डॉसवरचा सी कंपायलर) बद्दल बोलतो कारण हे दुखणं तिथलं आहे. आपल्याकडे जळगाव काय भुसावळ काय धुळे काय, निळ्या स्क्रीनवर सी शिकलेल्या पिढ्याच्या पिढ्या आहेत. तिथे इंट १६ बिटचा, ३२७६७ मध्ये एक मिळवला की -३२७६८, व्हायव्हाला हा प्रश्न ठरलेला आणि सर फळ्यावर गोल काढून दाखवायचे की इथून इथे फिरून येतं. ते त्या कंपायलरचं त्या मशीनवरचं वागणं होतं, भाषेचा नियम नव्हता. फिरून येण्याची हमी सी मध्ये फक्त अनसाइन्डला (उणे आकडा न ठेवणाऱ्या पूर्णांकाला) आहे. आणि आता काही लोक म्हणतात सी२३ (सी भाषेचं नवं स्टँडर्ड) मध्ये टूज कॉम्प्लिमेंट (उणे आकडा बिटमध्ये ठेवायची पद्धत) सक्तीचं केलं म्हणजे आता फिरणं कायदेशीर झालं. नाही झालं. आकडा बिटमध्ये कसा ठेवायचा तेवढं ठरलं, ओव्हरफ्लो अजूनही अनडिफाइन्डच आहे.

आता यूबीसॅन. जीसीसीत ४.९ पासून आहे, म्हणजे २०१४ पासून, क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये त्याच्याही आधीपासून, तरी आपल्याकडे वापरणारा माणूस शोधावा लागतो. लावायला एकच फ्लॅग, -एफसॅनिटाइझ=साइन्ड-इंटिजर-ओव्हरफ्लो, ओळ नंबर त्यातच मिळतो. मग मी काय केलं, जिनिंगच्या आत्तापर्यंतच्या सगळ्या पावत्यांचं वजन फाइलमधून घेतलं, भाव आत्ताचा लावला आणि प्रोग्रामला एकामागून एक खाऊ घातलं. पहिल्याच फटक्यात स्क्रीनवर आलं, रनटाइम एरर, साइन्ड इंटिजर ओव्हरफ्लो, ८११००० * २८०० हे इंट टाइपमध्ये बसत नाही, आणि समोर फाइलचं नाव, ओळ, कॉलम. अजून काय पाहिजे माणसाला? दोन्ही आकडे समोर, म्हणजे भाव आणि वजन कुठले ते पण कळतं, नुसतं "एरर आली" असं नाही. आप्पांना दाखवलं, त्यांना इंग्रजी वाचता येत नाही पण ८११००० आणि २८०० वाचून म्हणाले, "हाईच ती ट्रॉली."

यूबीसॅनने अजून एक पकडलं जे मी नुसतं वाचून दहा वेळा ओलांडून गेलो असतो. इंडिकेटरकडून येणारा कच्चा काउंट १६ बिटचा अनसाइन्ड, कॅलिब्रेशनचा आकडा पण १६ बिटचा अनसाइन्ड, दोघांचा गुणाकार ३२ बिट अनसाइन्डमध्ये ठेवलेला. सगळं अनसाइन्ड, मग साइन्ड ओव्हरफ्लो आला कुठून? तर सी मध्ये इंटपेक्षा लहान टाइप गणितात जाताना आधी इंट होतात, साधा साइन्ड इंट, आणि ६५५३५ गुणिले ६५५३५ म्हणजे ४२९४८३६२२५, इंटमध्ये मावत नाही. लिहिणाऱ्याने अनसाइन्ड लिहूनसुद्धा साइन्ड ओव्हरफ्लो. याच्यासाठीच एक स्टार जास्त दिला मी. उपाय, एका आकड्याला आधी ३२ बिट अनसाइन्डमध्ये कास्ट करून, म्हणजे टाइप बदलून, मग गुणा.

अर्धा स्टार कापला त्याची कारणं पण सांगतो. एक, जो कोड चालला त्याच्यातलंच तो सांगतो, न चाललेल्या फांदीबद्दल त्याला काही माहीत नाही, म्हणून खरा डेटा पाहिजे, दोन-चार आकडे हाताने टाकून "टेस्ट झाली" म्हणू नका. दोन, बाय डिफॉल्ट तो एरर छापून पुढे चालत राहतो, थांबवायचं असेल तर -एफनो-सॅनिटाइझ-रिकव्हर लावावं लागतं, नाहीतर हजार पावत्यांच्या आउटपुटमध्ये ती एक ओळ वाहून जाते. तीन, आणि हे आपल्याकडे सगळ्यात जास्त त्रासाचं, काट्यावर विंडोज असतं, आणि विंडोजवरच्या मिनजीडब्ल्यूच्या जीसीसीसोबत यूबीसॅनची लायब्ररीच येत नाही. तिथे ट्रॅप मोड चालतो, म्हणजे ओव्हरफ्लो झाला की प्रोग्राम जागीच पडतो, पण कुठे आणि कोणत्या आकड्यांनी ते सांगत नाही. मी हिशोबाचा भाग वेगळ्या फाइलमध्ये काढून लिनक्सवर तपासला, सिरियल पोर्टचा (इंडिकेटरची केबल वाचणारा) भाग विंडोजवर तसाच ठेवला. कटकट आहे, पण एकदाच करायची आहे.

आता लोक या वॉर्निंगा कशा "फिक्स" करतात ते. सगळ्यात लाडका उपाय, उत्तर लाँग लाँगमध्ये ठेवायचं. डावीकडे लाँग लाँग रक्कम, उजवीकडे भाव * वजन, दोन्ही इंट. काही उपयोग नाही, गुणाकार इंटमध्येच होतो, सडतो, आणि सडलेलं उत्तर मोठ्या डब्यात जातं. मग क्लँग-टायडी (कोड न चालवता वाचून चुका शोधणारं टूल) चालवलं तर त्याचा एक चेक आहे जो नेमकं हेच पकडतो, गुणाकार लहान टाइपमध्ये करून नंतर रुंद केलाय म्हणतो. मग हुशार माणूस काय करतो, भाव * वजन ला बाहेरून कंस घालून वर लाँग लाँगचा कास्ट लावतो. टायडी गप्प, बग जिथल्या तिथे. कास्ट कंसाच्या बाहेर नाही, आतल्या पहिल्या आकड्यावर पाहिजे, लाँग लाँग भाव गुणिले वजन, म्हणजे वजन पण आपोआप रुंद होतं. एका कंसाच्या जागेचा फरक, पण दोन लाखांचा.

दुसरा लाडका उपाय, इंट काढून लाँग लिहा. लिनक्सवर ६४ बिटमध्ये लाँग ६४ बिटचा, टेस्ट पास, टाळ्या. तोच कोड विंडोजवर कंपाइल केला की लाँग ३२ बिटचाच, अगदी ६४ बिट विंडोज असलं तरी. त्यामुळे लाँगच्या नादी लागू नका, लाँग लाँग नाहीतर सरळ इंट६४-टी. त्यात पैसे ठेवले तर ९२२ कोटी कोटी रुपयांच्या वर मावतात, अख्ख्या खान्देशातला कापूस, रावेर-सावद्याची केळी आणि जळगावचं सगळं सोनं एका पावतीवर घेतलं तरी भरणार नाही. आणि टाइप बदलल्यावर पावती छापणाऱ्या प्रिंटएफमध्ये जुना %डी (इंट छापायची खूण) राहिलाच असणार, तिथे मात्र -डब्ल्यूऑलमधली -डब्ल्यूफॉरमॅट एकूण एक जागा दाखवते, याबद्दल तिचं मनापासून कौतुक. लाँग लाँग परत एखाद्या इंटमध्ये कोंबलं असेल तर -डब्ल्यूकन्व्हर्जन लावा, ती वॉर्निंगांचा ढीग ओतते आणि त्यातल्या बऱ्याच फालतू असतात, पण हिशोबाच्या एका फाइलपुरती लावली तर झेपते.

सोन्याचा विषय निघाला म्हणून, सराफ बाजारातल्या प्रोग्रामवाल्यांनी तर आजच बघा. वजन मिलिग्रॅममध्ये, भाव ग्रॅमला पैशात, ही तुमची नेहमीची पद्धत. ग्रॅमला दहा हजार रुपये धरा, म्हणजे दहा लाख पैसे, इंटमध्ये २१४७ मिलिग्रॅमपर्यंतच गुणाकार बसतो. सव्वा दोन ग्रॅमची अंगठी पण नाही जात.

मग -एफरॅपव्ही. हा फ्लॅग कंपायलरला सांगतो की साइन्ड ओव्हरफ्लो झाला तर टर्बो सी सारखं फिरून येऊ दे. जुने चेक वाचतात हे खरं, लिनक्स कर्नलसुद्धा अशाच अर्थाच्या -एफनो-स्ट्रिक्ट-ओव्हरफ्लोने बिल्ड होतो, त्यांची कारणं त्यांच्यापाशी. पण आपल्या पावतीचं काय? उणे दोन लाख हे उत्तर आता नियमाप्रमाणे उणे दोन लाख येतं, एवढाच फरक. आणि वर जीसीसीत हा फ्लॅग असला की स्ट्रिक्ट-ओव्हरफ्लोची वॉर्निंग जाते आणि साइन्ड ओव्हरफ्लोचा सॅनिटायझर पण तपासणी सोडून देतो, त्याच्या दृष्टीने आता चूक उरलीच नाही. म्हणजे दुखणं तसंच आणि थर्मामीटर फोडला. त्याचा भाऊ -एफट्रॅपव्ही आहे, ओव्हरफ्लोला प्रोग्राम पाडतो म्हणतात, पण जीसीसीत तो पहिल्यापासून अर्धवट आहे, सॅनिटायझर असताना त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

जिथे रुंद टाइप पण पुरेल का सांगता येत नाही तिथे बिल्टइन (कंपायलरमध्येच असलेलं फंक्शन) वापरा, अंडरस्कोर अंडरस्कोर बिल्टइन मल ओव्हरफ्लो, जीसीसी ५ पासून आहे. दोन आकडे द्या, उत्तर कुठे ठेवायचं तो पत्ता द्या, ओव्हरफ्लो झाला तर तो ट्रू, म्हणजे "हो", परत देतो, मग तुम्ही पावती न छापता मुनीमाला हाक मारा. सी२३ मध्ये हेच सीकेडी-मल नावाने अधिकृत झालंय, हेडर एसटीडीसीकेडीइंट, जीसीसी १४ मध्ये मिळतो. मी बिल्टइनच ठेवलं, जिनिंगच्या मशीनवर कंपायलर जुना आहे आणि आप्पा सीझनमध्ये काही नवीन इन्स्टॉल करू देत नाहीत, "चालू काट्याला हात लावू नको" एवढंच म्हणतात.

एक उरलं, वजाबाकी आणि भागाकार. रिकामं वजन चुकून आधी आलं तर निव्वळ उणे होतं म्हणून कोडमध्ये अ‍ॅब्स (उण्याचं अधिक करणारं फंक्शन) लावलेलं होतं, ते इंटच्या सगळ्यात लहान आकड्याला, -२१४७४८३६४८ ला, अनडिफाइन्ड आहे कारण त्याचा धन जोडीदार इंटमध्ये नाहीच. काट्यावर असं वजन येणार नाही, पण इंडिकेटरची केबल हलली की काहीही येतं, म्हणून अ‍ॅब्सच्या आधी वजन शून्य ते काट्याची क्षमता यात आहे का एवढं बघायला लावलं. त्याच आकड्याला उणे एकने भागलं तर इंटेल-एएमडीच्या मशीनवर प्रोग्राम सरळ पडतो, शून्याने भागल्यासारखा. हे पण यूबीसॅन सांगतो.

टर्बो सीवरच अजून काटा चालवणाऱ्यांसाठी, आणि बोदवडकडे आहेत अजून असे, वरच्यापैकी काहीच नाही. ना वॉर्निंग ना सॅनिटायझर. तिथे लाँग हाच ३२ बिटचा आणि त्याच्यावर काही नाही, म्हणून गुणायच्या आधी क्विंटल आणि किलो वेगळे करा, क्विंटल गुणिले भाव, अधिक उरलेले किलो गुणिले भाव भागिले शंभर. मग दहा हजारांचा भाव धरला तर २१४७ क्विंटलपर्यंत निभतं.... एवढा कापूस एका गाडीत येत नाही, भाव लाखाच्या घरात गेला तरी २१४ क्विंटल झेपतील, पण दिवसाची एकूण बेरीज त्याच लाँगमध्ये ठेवू नका, ती २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैशांवर फुटते आणि भर सीझनमध्ये जिनिंगचा एक दिवस त्याच्या वर जातो.